पौषातली थंडर पार्टी

माझ्या माहेरचा आन् सासरचा वैरी कोण, असं कुणी इचारलं तर म्या भावकीतल्या कुणाचं नाव घेत न्हाय. माझे वैरी अमेरिकेत ऱ्हातात. चार केसाळ गडी. त्यांच्या बँडचं नाव थंडर काउंटी. काउंटी म्हंजे आपल्याकडचा तालुका, असं माझ्या भावानं मला समजावून सांगितलंय. म्हंजे गडगडाट तालुका! पोटच्या पोराचं नाव ठेवताना माणूस दहा जणांना इचारतं. ह्या बाबांनी असलं नाव ठेवलं, आन् त्या नावापायी माझा सख्खा भाऊ राजशेखर आन् माझे मालक बंडप्पा ह्या दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं सोडलं.

मला इंग्रजीचा गंध न्हाय. पण त्या बँडची कुंडली मला तोंडपाठ हाय. चुलीम्होरं बसून ऐकलीय, धुणं धुताना ऐकलीय, बाळंतपणाच्या बाजेवरसुद्धा ऐकलीय. तुमीबी ऐका आता.

आमच्या अप्पांचा नळदुर्गात हैद्राबाद रोडवर ढाबा होता. एक ट्रकवाला जेवून गेला आन् बाजेवर कॅसेट विसरला. विसरला न्हाय, टाकून गेला, असं माझं मत हाय. राजा तवा दहावीला होता. कॅसेटच्या कव्हरवर चार जण उभे. छातीपातुर केस, उघडी अंगं, चामड्याच्या विजारी, आन् तोंडं अशी का जणू भाकरीत खडा लागलाय. कॅसेट लावली तर एक जण बोंबलतोय आन् दुसरा गिटार खाजवतोय. अप्पा गल्ल्यावरनं वरडले, "अरं, भांडणं कुणाची लागलीत बघा की!" आमच्या राजाला मात्र त्यात देव दिसला. तो म्हणला, "अक्का, ह्याला हार्ड रॉक म्हणत्यात. हार्ड म्हंजे कडक." म्या म्हणलं, कडक तर आपली भाकरीबी असती, ती पोटाला तरी लागती.

मग काय, सोलापूरच्या रद्दीवाल्याकडनं इंग्रजी मासिकं आणायची, डिक्शनरी घेऊन वाचायची, आन् मला सांगायचं. ती चार पोरं एका कारखान्याच्या गावातली. गाडीच्या शेडात वाजवायची. बापांनी हाकलून दिली. त्या सगळ्या गोष्टीत शहाणी माणसं तेवढीच, ते बाप. पुढं नाव झालं, मोठमोठी मैदानं भरायला लागली. ही माणसं हॉटेलात उतरायची आन् खिडकीतनं टीव्ही खाली टाकायची. हे सांगताना राजाच्या डोळ्यांत पाणी यायचं. आमच्या घरी तवा टीव्ही नव्हता, शेजारच्या खिडकीतनं बघायचो. म्या इचारलं, "का टाकायचे रं?" तर म्हणला, "कलाकार असत्यात अक्का, त्यांना भावना अनावर होत्यात." भावना अनावर झाल्या तर माणूस रडतं, टीव्ही कशाला फेकतं?

तर ह्या राजानं बेंजो पार्टी काढली. न्यू थंडर पार्टी, नळदुर्ग. गिटार त्याची. गायला माणूस पायजे म्हणून अणदूरचा बंडप्पा गाठला. खंडोबाच्या यात्रेत बंडप्पानं येळकोट म्हणलं तर दोन शेतं पलीकडं बैल बुजायचे, असा आवाज. राजाला वाटलं अमेरिकेचा गायकच अणदूरला जन्मला. अप्पांना वाटलं पोरगं धट्टंकट्टं हाय, जातीतलं हाय, चार एकर हाय. लावून दिलं माझं लग्न. मला कुणी इचारलं न्हाय, आन् इचारलं असतं तरी म्या काय न्हाय म्हणले नसते, हेबी खरं. काळा गॉगल घालून टेम्पोवर उभे राहिले का बरे दिसायचे.

पार्टी चालली म्हणा. वरातीत लोकांना पायजे लग्नाची गाणी, नाचायची गाणी. ती वाजवायची आन् मधीच राजाला भरतं यायचं. मग तो डोळे मिटून, मान मागं टाकून, एकटाच गिटार वाजवत सुटायचा. तामलवाडीला असाच सुटला. नवरदेवाचं घोडं उधळलं ते नवरदेवासकट ज्वारीत शिरलं. माणसं कणसं बाजूला करत नवरदेव हुडकत होती, आन् हा टेम्पोवर डोळे मिटूनच. घरी आल्यावर मला म्हणतो, "अक्का, आज मैदान गाजवलं." गाजवलं व्हय! ज्वारी मोडली त्या माणसानं ह्याच्या आईचा उद्धार केला, म्हंजे माझ्याबी आईचा.

तरीबी ते दिवस बरे होते, हे कबूल करते. माझी शिवानी झाली तवा राजा रोज संध्याकाळी अणदूरला यायचा. पोरीला खांद्यावर घेऊन गल्लीभर हिंडायचा. तिला चालता येईना तवापासनं मामा मामा करायची. जेवायला भाऊ आन् नवरा एका ताटाला बसायचे. मला अजून काय पायजे होतं?

पण तिकडं अमेरिकेत काशी झाली होती, आन् ती बातमी आमच्या घरी उशिरा पोचली. त्यांचा ढोल वाजवणारा दारू पिऊन मेला. गिटारवाला आन् गायक भांडले. कशावरनं? तर कॅसेटच्या कव्हरवर म्होरं कोण उभं ऱ्हाणार! पन्नाशीतली माणसं, नातवंडं खेळवायचं वय, आन् म्होरं कोण म्हणून कोर्टात गेली. दोघांनी दोन बँड काढले, दोघांचं नाव थंडर काउंटी. एकाच देशात दोन. म्या म्हणलं, "राजा, ह्यांच्या घरात म्हातारी माणसं न्हाईत का रं कान धरायला?" तो म्हणला, "मोठ्या कलाकारांचं असंच असतंय."

झालं. मोठ्या कलाकारांचं असंच असतंय म्हणल्यावर आमच्याकडं दुसरं काय होणार? पुढच्या मोसमाला नवा फ्लेक्स छापला. त्यात बंडप्पाचा फोटो मधी आन् मोठा, राजाचा कोपऱ्यात. छापणाऱ्यानं बंडप्पाकडनं फोटो घेतले म्हणून तसं झालं, एवढीच गोष्ट. राजा म्हणला, "पार्टी कुणी काढली?" बंडप्पा म्हणले, "लोक गाणं ऐकाया येत्यात, तुझं खाजवणं न्हाय." राजानं गिटार उचलली आन् गेला. जाताना माझ्या हातचा चहासुद्धा घेतला न्हाय.

मग दोन थंडर पार्ट्या. एक नळदुर्गची, एक अणदूरची. नाव तेच, गॉगल तेच. इटकळच्या एका लग्नात नवरीवाल्यांनी एकाला सांगितलं आन् नवरदेववाल्यांनी दुसऱ्याला. मारुतीच्या देवळाम्होरं दोन टेम्पो एकमेकांना भिडले. ह्यानं आवाज वाढवला का त्यानं वाढवायचा. शेवटी वऱ्हाडानं दोन्हीच्या वायरी तोडल्या आन् दोघांनाबी बदडलं. दोघांना सारखंच बदडलं, एवढा एक न्याय त्या दिवशी झाला. घरी दोघंबी मलाच दाखवायला आले, पाठीला कुठं लागलंय ते.

तवा आमचे चुलत सासरे गुरुसिद्धप्पा मधी पडले. दोन्ही घरांत मान असलेला माणूस. त्यांनी दोघांना आमच्या सोप्यात समोरासमोर बसवलं आन् म्हणले, "लेकरांनो, आपल्या देवाकडं बघा." आता आमचा खंडोबा असा हाय का मूर्ती एक आन् ठाणी दोन. सव्वादहा महिने देव अणदूरला, पावणेदोन महिने नळदुर्गला. थंडीत पालखीतनं नळदुर्गला जातो, पौषातली यात्रा झाली का परत येतो. दोन्ही गावचे मानकरी बसत्यात, ठरवत्यात, आन् शब्दाला जागत्यात. पिढ्यान् पिढ्या चाललंय. गुरुसिद्धप्पा म्हणले, "देव वाटून घेता येतो तर नाव का न्हाय? देव अणदूरला तवा नाव बंडप्पाचं. देव नळदुर्गला तवा नाव राजशेखरचं. बाकीच्या येळी त्यानं त्या नावानं वाजवायचं न्हाय."

सगळ्या सोप्यानं माना डोलावल्या. वा वा, काय न्याय! म्या चहाचं ताट घेऊन दारात उभी. म्या तिथंच म्हणलं, "मामंजी, पण पौषात लग्नं कुठं असत्यात?"  सांगा की, शेंबड्या पोराला ठावं हाय पौषात लग्न लागत न्हाय. पौषाच्या आधी जी चार-दोन लग्नं असत्यात त्यांची बुकिंगं दिवाळीलाच झालेली असत्यात, म्हंजे बंडप्पाच्या नावावर. देवाला काय लग्नाची सुपारी घ्यायची असती? गुरुसिद्धप्पा म्हणले, "पोरी, चहा ठेव आन् आत जा. देवाच्या वाटणीत बायकांनी खोट काढू नये." राजाला खोट कळली होती, म्या त्याच्या तोंडाकडं बघत होते. पण भंडारा उचलून शपथ घ्यायची येळ आली तवा मागं कसं सरायचं? अमेरिकेतल्या त्या टीव्ही फोडणाऱ्याचा चेला हा. उचलला भंडारा.

तवापासनं राजानं माझा उंबरा ओलांडला न्हाय. नळदुर्गच्या स्टँडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. दरसाल थंडीत देव नळदुर्गला आला का हा दुकानावर थंडर पार्टीचा फ्लेक्स लावतो, गिटार पुसून काऊंटरवर ठेवतो, आन् गिऱ्हाईकाची वाट बघत बसतो. देव परत निघाला का फ्लेक्स गुंडाळून ठेवतो. आन् आमचे मालक? त्यांनी सव्वादहा महिने जिंकले, पण गिटार गेली. मग पेनड्राइव्ह लावून मोठमोठे स्पीकरचे डबे वाजवायला लागले. गाणं मशीन म्हणतं, हे माईक धरून "हात वर" म्हणत्यात. कशात काय आन् फाटक्यात पाय. घर चाललं माझ्या कडक भाकरीवर आन् शेंगाच्या चटणीवर. हायवेच्या दुकानांत देते, सोलापुरापातुर जाती.

शिवानी मोठी झाली, शिकली. तिचं लग्न ठरलं अक्कलकोटकडं. पोरगा शांतलिंग, आखातात कंपनीत कामाला, हसतमुख पोरगा. याद्या झाल्या त्या दिवशी शिवानी माझ्याजवळ येऊन बसली आन् म्हणली, "आई, मला दागिना कमी दे, पण मांडवात माझ्या पाठीशी मामा उभा ऱ्हायला पायजे. दुसऱ्या कुणाला मामा म्हणून उभं करू नको." आमच्यात नवरीला मांडवात मामानं आणायचं आन् अक्षता पडोस्तवर तिच्या पाठीशी उभं ऱ्हायचं. पोरीनं जन्मात काय मागितलं न्हाय, आन् मागितलं तर हे. म्या तिला शब्द दिला.

पहिली पत्रिका घेऊन मी नळदुर्गला गेले. राजा कानात वायरी घालून बसला होता. केसं पांढरी, तरी मागं बांधलेली. मला बघून उठला, खुर्ची दिली, डोळ्यांत पाणी आणलं. आन् पत्रिकेला हात लावायच्या आधी मोबाईल माझ्याम्होरं धरला. "अक्का, बघ. ते दोघं परत एका स्टेजवर आले!" बघते तर दोन म्हातारे. गायकाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तो उंच स्टुलावर बसलेला. गिटारवाल्याच्या डोक्यावर टोप. दोघं वेगळ्या गाडीनं येत्यात, वेगळ्या हॉटेलात ऱ्हात्यात, स्टेजवर तेवढी मिठी मारत्यात. राजा म्हणला, हा त्यांचा निरोपाचा दौरा. म्या म्हणलं, "निरोपाचा तर मागंबी झाला होता की." तो म्हणला, "मागं दोनदा झाला, हा फायनल." आमच्यात माणूस एकदाच निरोप घेतं, आन् मग परत येत न्हाय.

पण म्या ते धरलं. म्हणलं, "बघ राजा, कोर्टात गेलेली माणसं एकत्र आली. तू भाचीसाठी येशील का न्हाय?" त्यानं पत्रिका उचलून तारीख बघितली. मग म्हणतो, "येतो अक्का. पण नुसता पावणा म्हणून न्हाय. नाव माझं असल तवाच येईन. थंडर म्हणून येईन, वाजवीन, न्हायतर न्हाय." म्या तिथंच त्याच्या कानाखाली द्यायला पायजे होती. "अरं, तुला भाची बोलवती, नावाला कोण बोलवतंय?" तर खाली बघून म्हणला, "म्या भंडारा उचललाय अक्का. माघात मला त्या नावानं उभं ऱ्हाता येत न्हाय. आन् त्या नावाबिगर तुझ्या दारात यायचं म्हंजे हरून यायचं."

घरी येऊन मालकांना सांगितलं. ते म्हणले, "देव अणदूरला असताना नाव माझं. नियम म्हंजे नियम." म्या दोघांच्या नावानं बोटं मोडली आन् रातभर तळमळले. सकाळी उठले ती ठरवूनच. पोरीचं लग्न पौषात लावायचं. नळदुर्गात.

घरात आभाळ कोसळलं. मालक म्हणले, "पौषात? लोक काय म्हणतील?" म्या म्हणलं, "लोकांना जे म्हणायचं ते तुमच्या गाण्याला म्हणून झालंय." गुरुसिद्धप्पा काठी टेकत आले आन् वंशबुडवी म्हणून गेले. विहीणबाईंनी तर फोनच ठेवला. पोराची सुट्टी पौष-माघात होती, पत्रिकाबी माघातल्या तारखेच्या छापल्या होत्या. म्या अक्कलकोटला गेले, त्यांच्या पाया पडले. सांगितलं, आपल्या लिंगायतांत मुहूर्त बघायचा न्हाय असं धर्म सांगतो, बघत्यात सगळे ते सोडा, पण माझ्या भावाला आणायचं तर दुसरा रस्ता न्हाय. विहीणबाई म्हणल्या, "भावासाठी लेकीचं लग्न असल्या महिन्यात? उद्या काय बरंवाईट झालं तर?" पोरगा भला, तो म्हणला, "आई, मामा पायजे म्हणत्यात तर होऊ द्या." मग त्यांनी मान हलवली, पण त्या दिवसापासनं माझ्याकडं सरळ बघितलं न्हाय. पावण्यारावळ्यांत कुजबूज झाली, का पोरीचं काहीतरी असल म्हणून घाई केली. तेबी म्या ऐकलं, आन् भाकऱ्या थापत ऱ्हायले. भाऊ येणार होता ना? मग ऐकायचं.

राजाला कळवलं तवा तो फोनवर रडला. "अक्का, तू माझ्यासाठी पौषात लग्न धरलंस?" म्या म्हणलं, "तुझ्यासाठी न्हाय, शिवानीसाठी. साडेबाराला अक्षता. त्याच्या आधी तू पोरीजवळ पायजेस. वाजवायचं ते वरातीपुरतं." म्हणला, "आईची आन."

लग्नादिवशी सकाळी राजा कार्यालयात आला. नवा सदरा घातलेला. शिवानी त्याच्या गळ्यात पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आन् म्हणला, "एवढी मोठी झाली गं!" माझे मालक दारातनं बघत होते. दोघं बोलले न्हाईत, पण भांडलेबी न्हाईत. मला वाटलं, जिंकलं. विहीणबाईंचं बोलणं, गुरुसिद्धप्पांच्या शिव्या, सगळं फिटलं. मी आत जाऊन देवाम्होरं डोकं टेकलं.

नवरदेवाची वरात मारुतीपासनं निघाली. टेम्पोवर राजा, मागं फ्लेक्स, त्यात राजाचाच फोटो मधी आन् मोठा. लग्नाची दोन गाणी नीट वाजवली. कार्यालयाच्या गेटाजवळ वरात आली. मालक नवरीचा बाप म्हणून नारळ घेऊन नवरदेवाला उतरवून घ्यायला उभे. आन् तिथं राजानं ते वाजवलं. त्या कॅसेटमधलं पहिलं गाणं, ढाब्यावर ज्याला अप्पा भांडण म्हणले होते ते.  मालकांनी हातातला नारळ शेजारच्याच्या हातात कोंबला, फेटा सावरला आन् चढले की टेम्पोवर! राजाच्या म्होरचा माईक ओढून घेतला आन् असा टाहो फोडला, का गल्लीतली कुत्री पळाली. इंग्रजी म्हणत होते का कन्नड म्हणत होते, त्यांनाच ठावं. पण पब्लिक पेटलं. पोरं खांद्यावर चढली, मोबाईल वर धरले. गाणं संपल्यावर दोघांनी एकमेकांना मिठी मारली. दोघंबी हमसून हमसून रडत होते. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. खोटं कशाला बोलू, म्याबी लावला.

नवरदेव आपला आपणच घोड्यावरनं उतरला. म्या त्याला ओवाळून आत नेलं. साडेबाराला दहा मिनिटं कमी होती. बाहेर दुसरं गाणं चालू झालं. लग्न लावणारे स्वामी म्हणले, "नवरीला आणा. मामा कुठं हायेत?" म्या एका पोराला पाठवलं. तो परत आला न्हाय, नाचायला लागला. मग दुसऱ्याला पाठवलं, तो येऊन म्हणला, "काकू, ते म्हणत्यात एक मिनिट."

मी सोताच गेले. पैठणी सावरत, गर्दीतनं कोपरं मारत टेम्पोपातुर पोचले. दोघं घामानं भिजलेले, एकाच माईकला तोंड लावून. मी हात वर करून वरडले, "राजा! अक्षता!" राजानं मला बघितलं. त्याचं तोंड असं उजळलं का जणू मी त्याचं कौतुक करायला आलेय. त्यानं हात हलवला, ते स्टेजवरनं पब्लिकला हलवत्यात तसा. मग एक बोट वर केलं. "लास्ट अक्का! एकच लास्ट!" आन् मालकांनी माईकमधनं सांगितलं, "नवरीच्या आईसाठी जोरदार टाळ्या!" लोकांनी वाजवल्या.

मी माघारी फिरले. तोंडातनं शिवी आली होती ती गिळली, कारण तिथं विहीणबाई उभ्या होत्या. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं.  

स्वामी म्हणले, "येळ टळून चालली. दुसरे कुणी मामा असतील तर उभे करा." चुलत-मावस पुष्कळ होते, दोघं तर लगेच फेटा बांधून म्होरं आले. म्या म्हणलं, न्हाय. शिवानीच्या खोलीत गेले. ती नटून बसली होती, हातात हिरवा चुडा, नजर दाराकडं. मला एकटीला बघून तिच्या ध्यानात आलं. म्या तिचा हात धरला, मांडवात आणली, आन् तिच्या पाठीशी मीच उभी ऱ्हायले. स्वामींनी माझ्याकडं बघितलं, मग पोथीकडं बघितलं आन् मंत्र म्हणायला लागले. 

बाहेर डबे असे दणदणत होते का मांडवाच्या कळकाला हात लावला तर हाताला कळत होतं. मंत्र कुणालाच ऐकू येत न्हवता. लोकांनी स्वामींचा हात बघून अक्षता टाकल्या. शिवानीच्या खांद्यावर म्या दोन्ही हात ठेवले होते. तिनं मान वळवली न्हाय, म्होरं नवऱ्याकडंच बघत हळूच इचारलं, "आई, मामा आला का गं?"

म्या म्हणलं, "आलाय की. ऐकू येतंय न्हवं?"